शिडीवरचा चहा

मावशी शिडीवर बसून चहा प्यायली, की मगच तिच्या कारखान्यातला माल बाहेर पडायचा. वेल्डर तयार ढिगातली हाताला येईल ती घडीची शिडी ओढून अंगणात मांडायचा. मावशी वर जाऊन बसायची आणि तिथूनच कामगारांच्या रजा नामंजूर करायची. चहा सांडला तर अख्खा माल मोडीत. कर्जाचं बोलायला आलेल्या बँकेच्या साहेबांनाही शेजारची शिडी देण्यात आली होती. बोलणी लवकर आटोपली.

यंदा मावशीचे गुडघे संपावर गेले. कारखाना भाच्याकडे सोपवायचा की विकून मोकळं व्हायचं, हे ती त्याच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरवरून ठरवणार होती. भाच्याने ऑर्डर आणली ती थेट बाजारातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदाराची. हा गृहस्थ वजनकाट्यावर उभा राहिला तरी सवलत मागायचा, म्हणून त्याला सगळे सवलतराव म्हणत. त्यांना भाव परवडावा म्हणून भाच्याने पायऱ्यांचा पत्रा थोडा पातळ केला. अगदी थोडा. वेल्डरच्या कपाळावर आठ्या पडल्या, तेव्हा भाच्याने त्याला बाजार कसा बदललाय ते समजावून सांगितलं. आठ्या तशाच राहिल्या.

माल भरायच्या दिवशी ट्रक दारात, सवलतराव खुर्चीत. मावशीने कप भाच्याच्या हातात दिला.

"आता मालक तू. चढ."

भाचा दुसऱ्या पायरीपर्यंत गेला. तिसरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. पायरीने हूं की चूं केलं नव्हतं. सकाळपासून पोटात गडबड आहे, असं त्याने सांगून पाहिलं. मग पाहुण्यांना चढव, मावशी म्हणाली. सवलतरावांच्याही पोटात लगेच गडबड सुरू झाली.

"मावशी, हा माल जाणार नाही," भाचा खाली उतरून म्हणाला. "पत्रा मी पातळ केलाय."

सवलतराव बरंच बोलले. ट्रक रिकामा गेला. जाताना त्यांनी कोपऱ्यातली जुन्या जाडीची एक शिडी तेवढी नेली, तीही पूर्ण भावात. त्यांची तब्येत खरंच बिघडली असावी, असं वेल्डरचं मत पडलं. मावशीने त्याच आठवड्यात कारखाना भाच्याच्या नावावर केला, त्यामुळे हंगामाचा तोटाही त्याच्याच नावावर गेला.

पुढच्या हंगामात तो तोंड पाडून सवलतरावांच्या दुकानात गेला. दुकान भलत्याच कारखान्याच्या स्वस्त, चकचकीत शिड्यांनी भरलं होतं. नोकर मात्र माळ्यावरचं खोकं काढायला मावशीच्या शिडीवर चढला होता. इतक्या शिड्या असताना हीच का, असं भाच्याने विचारलं.

"त्या विकायच्या," सवलतराव म्हणाले. "ही चढायची."

मग त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. येणारं गिऱ्हाईक मेलं नोकराच्या पायाखालचीच शिडी मागतं. तेव्हा ऑर्डर द्यायला ते तयार होते, पण सवलत हवी. भाचा नाही म्हणाला. सवलतराव कुरकुरले, कागद काढून बसले, पुन्हा कुरकुरले.

खोकं छातीशी धरून नोकराने वरून खाली पाहिलं.

"सावकाश ठरवा, मालक," तो म्हणाला. "ही हलत नाही."