ब्रुनोवर नजर

सोमनाथचा टेम्पो फाटकात वळला की शेफाली हातातलं काम टाकून ओट्यावर यायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तो खाली उतरला की आधी तिच्याकडे बघायचा. ब्रुनो आला आणि ते थांबलं. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी बंगला असलेल्या कुणा पुणेकराला तो दांडगा काळा कुत्रा जड झाला होता. तिथं विटा पोचवायला गेलेला सोमनाथ त्याला शेजारच्या सीटवर बसवून उत्रोलीला घेऊन आला. आता टेम्पोतून उतरला की सोमनाथ मातीतच बसायचा, कुत्र्याचं डोकं मांडीवर घ्यायचा आणि त्याच्याशी इतक्या मऊ आवाजात बोलायचा, की शेफाली आत जाऊन भांडी आपटायची.

मुक्या जनावराचा हेवा करायचा म्हणजे तिची तिलाच लाज वाटायची. पण पट्ट्यानं मान सोलवटते म्हणून सोमनाथनं तिच्या माहेरच्या साडीचा पदर फाडून पट्ट्याला गुंडाळला, त्या दिवशी तिच्या मनात आलं, हे मेलं तर बरं.

पुढं तर तो त्याला बांधेनासाच झाला.

"बांधत जावा त्येला. रस्त्यानं माणसं जात्यात," शेफाली म्हणाली.

"त्यो कुणाला काय करत न्हाई. तुलाच बघवत न्हाई त्यो."

तो हसत म्हणाला, तरी तिला झोंबलं. कारण ते खरं होतं.

भातकापणीच्या दिवसांत एका सकाळी सोमनाथ टेम्पो रस्त्यावर काढून चाकं बघत होता. फाटक त्यानं तसंच उघडं टाकलं होतं. शेजारची बाळाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ब्रुनो भुंकलासुद्धा नाही. शेफालीला ओट्यावरून काळं अंग सपकन जाताना दिसलं आणि म्हातारी भाऱ्यासकट आडवी झाली. सोमनाथनं धावत येऊन पट्टा ओढला, तोवर तिची पोटरी फाटली होती.

शेफालीनं म्हातारीला नळाखाली बसवलं आणि साबण लावून जखम धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. पण आत कुठंतरी तिला बरं वाटत होतं. आता हा कुत्रा या घरात राहत नाही.

बाळाबाईचा मुलगा गोरख पोलीस पाटलांना घेऊन आला.

"साखळी तोडून आला वो," सोमनाथ त्यांना सांगू लागला. "बांधलेलाच व्हता. इचारा हिला."

सगळे शेफालीकडे बघायला लागले.

"बांधला नव्हता," ती म्हणाली. "हे त्येला मोकळाच ठेवत्यात. फाटक बी उघडं व्हतं."

गोरखनं म्हातारीला टेम्पोत बसवलं तेव्हा सोमनाथ शेफालीजवळ येऊन हळूच म्हणाला, "खुन्नस काढलीस तू त्येच्यावर." ती खरंच बोलली होती, पण कशासाठी, ते तिचं तिला ठाऊक होतं.

भोरच्या सरकारी दवाखान्यात बाळाबाईच्या जखमेत इंजेक्शनं दिली, दंडात दिली, पुढच्या तारखा दिल्या. डॉक्टरांनी सोमनाथला बजावलं, "कुत्र्याला मारू नका, सोडूही नका. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. खाणं सोडलं, लाळ गाळायला लागला, मेला, तर लगेच कळवा. कुत्रा पिसाळलेला असला तर आजींच्या जिवाचा प्रश्न आहे."

सोमनाथला वेल्ह्याकडच्या खेपा होत्या. ब्रुनोला रिकाम्या गोठ्यात साखळीला बांधून तो म्हणाला, "आता तूच ठेव नजर. तुला हौस हाय न्हवं."

तिसऱ्या दिवशी ब्रुनोनं भाकरीला तोंड लावलं नाही. दुपारी गेली तर भाकरी तशीच. तो पुढच्या पायांवर डोकं ठेवून फाटकाकडे बघत पडला होता. हा मेला, तर म्हातारीचं काय? जे ती मनातल्या मनात कितीदा मागत होती, तेच आता समोर येऊन बसलं होतं. तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पाणी पितोय का बघा, जवळ जाऊ नका, मी संध्याकाळी येतो.

तिनं लांब काठीनं पाण्याचं पातेलं आत सरकवलं आणि दाराशी बसून राहिली. "पी की रं," ती म्हणत होती. "त्येंची वाट बघतुयास व्हय? मी बी बघतीया. खाऊन घे मुकाट्यानं." दिवस कलल्यावर तो उठला. त्यानं पाणी चाटलं, मग भाकरी हुंगली आणि खाल्ली. शेफालीनं पदर तोंडाला लावला आणि तिला रडू फुटलं. तेवढ्यात आलेल्या डॉक्टरांनी बाहेरूनच बघून सांगितलं, धन्याची सवय आहे, बाकी काही दिसत नाही.

ते दहा दिवस निभावले. बाळाबाईची जखम भरत आली. सोमनाथ तिला मलमपट्टीला, इंजेक्शनला टेम्पोतून न्यायचा, उतरवताना हात द्यायचा. "आजी, ठणकतंय का वो अजून?" तोच मऊ आवाज. शेफाली फाटकात उभी राहून ऐकायची आणि तिच्या छातीत पुन्हा जळायचं.

म्हातारीनं पाटलांसमोर एवढंच मागितलं, "जनावर मारू नगा. पर आता त्यो मोकळा दिसला तर मी चौकीत जाईन." सोमनाथनं मान खाली घालून कबूल केलं. चूक कुत्र्याची नव्हती, माझी होती, असंही तो म्हणाला.

त्या रविवारी सोमनाथ ब्रुनोच्या पिंजऱ्याच्या खांबांसाठी खड्डे खणत होता. शेफाली चहा घेऊन गेली आणि तिथंच उभी राहिली.

"पाटलांपुढं मी खरं बोलले, पर जळून बोलले," ती म्हणाली. "कुत्र्याला जवळ घेता, आजीला हात देता. मला तुमी शेवटचं कवा इचारलं, की तुझं काय दुखतंय?"

सोमनाथ पहार टेकून उभा राहिला.

"मला वाटलं, तुझं बरं चाललंय," तो म्हणाला.

"न्हाई चाललं."

त्यानं पहार बाजूला ठेवली, बांधावर जागा केली आणि चहा अर्धा बशीत ओतून तिच्यापुढं धरला. ती लगेच बसली नाही. पण बसली.