पांढरी शेवंती

आमच्या गावात ऑक्टोबरच्या मोठ्या फुटबॉल सामन्याला मुली छातीवर कापडी शेवंती लावतात. शेवंती कसली, परातच ती. खाली घोट्यापर्यंत फिती आणि फितींना घुंगरं, चिमुकली अस्वलं, काय वाटेल ते. अकरावीपर्यंतच्या मुलींची लाल, शाळेच्या रंगाची. पांढरी फक्त बारावीची. टेक्सासमध्ये बाकीचे नियम वाकवले तर चालतात, हा नाही. निम्म्या गावाच्या शेवंत्या मीच माझ्या जेवणाच्या टेबलावर करते, म्हणून मला विचारा.

माझी मॅरिन अकरावीत. सुट्टीभर घरात बसून तिने बारावीचे विषयही उरकत आणले आणि सामन्याच्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "ममा, मी याच वर्षी शाळा संपवते. शिकागोच्या विद्यापीठाला अर्ज करतेय."

"जिथे शंभरातल्या पाचांना घेतात, तिथे?"

"तिथेच. पण शाळेला तुझा होकार लागतो. याच आठवड्यात."

"आणि नाही घेतलं तर? इथलं वर्षही गेलं, तिथली जागाही. तेलही गेलं, तूपही गेलं."

"मग पुढच्या वर्षी दुसरीकडे बघेन. इथे बसून आणखी काय शिकू, सांग ना?"

खरं म्हणजे जागेची काळजी हे निमित्त होतं. मला ते एक वर्ष हवं होतं. ती पाचवीत होती तेव्हापासून मी तिच्या पांढऱ्या शेवंतीसाठी कपाटावरच्या खोक्यात चांदीच्या फिती साठवत होते. एवढ्यात ते खोकं उघडायची माझी तयारी नव्हती. होकार न देता मी तिच्यासाठी लाल शेवंती करायला घेतली. तीही अर्ज भरत राहिली. हट्टीपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय.

सामन्याच्या आदल्या दिवशी वांडा पीव्ही आपल्या मुलीची पांढरी शेवंती न्यायला आली. मॅरिन तिथेच गरम गोंदाने फिती चिकटवत बसली होती.

"काय गं, बारावीला टांग मारणार म्हणे तू?" वांडा म्हणाली. "मग उद्या पांढरी लावून मिरवशील की काय? मधल्या पायऱ्या गाळणाऱ्यांना हा मान नसतो हो."

"मी लालच लावणार आहे, मिसेस पीव्ही," मॅरिन खाली मान घालून म्हणाली.

ती खाली गेलेली मान बघून माझं डोकं फिरलं.

"पांढरी लावणार ती," मी म्हणाले. "पायऱ्या गाळल्या नाहीत तिने, धावत चढली. तुझी ब्रँडी बीजगणिताची एकच पायरी दोनदा चढली, तरी तिला पांढरी मीच करून दिली ना? मी काही बोलले?"

वांडा तोंड वाकडं करून शेवंती घेऊन गेली. गाडीपर्यंत घुंगरं वाजत राहिली.

"ममा," मॅरिन हळूच म्हणाली, "तू आत्ता काय बोललीस?"

"गोंद गरम आहे, हाताकडे बघ."

"म्हणजे होकार?"

"सकाळी प्राचार्यांना फोन करते. आता कपाटावरचं खोकं काढ."

ती खुर्चीवर चढली. खोकं उघडून नुसती बघत राहिली. मला रडू येत होतं, म्हणून मी कात्री शोधायला लागले. कात्री समोरच होती.

फुलाच्या एका फितीवर मुलीचं नाव आणि दुसरीवर तिच्या मित्राचं, अशी आमच्याकडे रीत. एका फितीवर मी 'मॅरिन' चिकटवलं. दुसरी कोरीच ठेवली.

"ही कुणासाठी? मला कुठे मित्र आहे?"

"विद्यापीठाचं नाव टाकू. डिसेंबरात उत्तर येईल ना."

ती कोऱ्या फितीवरून बोट फिरवत राहिली. "आणि नाही म्हणाले तर?"

"तर जे हो म्हणेल त्याचं टाकू," मी म्हणाले. "अक्षरं माझ्याकडे सगळी आहेत."