वरच्या वळणाचे बोल्ट

म्हातारीचा शेवटचा दिवस होता, आणि त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता ती ठणठणीत असायला हवी होती.

म्हातारी म्हणजे पार्कमधली लाकडी रोलर कोस्टर. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण एकोणपन्नास वर्षांत ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. चढावर ती कण्हायची, वळणावर कुरकुरायची आणि उतारावर भल्याभल्यांना आई आठवायला लावायची. आता तिला पाडून तिथं लोखंडाचं काहीतरी तिप्पट उंच उभं राहणार होतं. पण लोकांचा जिच्यावर जीव आहे ती वस्तू गुपचूप पाडून चालत नाही, एवढं मालकांना कळत होतं. हंगाम संपून तीन महिने झाले होते, तरी एका दिवसापुरती ती पुन्हा सुरू करायची ठरली. अकरा हजार अर्ज आले, त्यातून चिठ्ठ्या टाकून सहाशे माणसं निवडली. तिच्या लाकडाचे हातभर तुकडे आठवण म्हणून वाटायचे होते. आणि पहिल्या गाडीच्या पहिल्या डब्यात बसायचा मान आईला दिला होता, कारण बाबांनी एकतीस वर्षं म्हातारीची निगा राखली होती आणि सात आठवड्यांपूर्वी ते गेले होते. त्या डब्यावर बाबांच्या नावाची पितळी पाटी लागली होती. उद्यापासून तो डबा दरवाज्यापाशी कायमचा उभा राहणार होता.

बाबांची हातोडी आता त्यांच्या मुलीकडे होती. बारा वर्षं ती त्यांच्याच हाताखाली काम करत होती, पण वरचं वळण तिच्याकडे कधी आलं नव्हतं. ते बाबांचं. खालचे रूळ तिनं आणि सुतारकाकांनी आदल्या तीन दिवसांत तपासले होते. वर मात्र वारा इतका होता की चढायला बंदी होती. आज वारा पडला. म्हणून सव्वाआठला पट्टा बांधून ती एकटी वर गेली.

काम सोपं होतं. बोल्टवर हातोडी मारायची आणि कान द्यायचा. घट्ट बोल्ट टणकन् वाजतो; सैल बोल्ट किंवा नासलेलं लाकूड ठप्प करतं. दर आठवड्याला प्रत्येक बोल्ट वाजवायचा आणि महिन्याच्या पहिल्या फेरीत शेजारच्या लाकडावर मेणखडूची एक रेघ ओढायची. दर महिन्याला खडूचा रंग वेगळा. हा नियम बाबांनीच घातलेला. नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी ते ऐकवायचे, ‘कागद काहीही बोलतो रे बाबा, रेघ वर जाऊनच ओढावी लागते.’

पहिले नऊ बोल्ट टणकन् वाजले. दहावा वाजला तो बादलीत दगड पडावा तसा. तिनं पुन्हा मारला. खिशातलं दाभण काढून लाकडाला लावलं, आणि ते शिळ्या केकमध्ये जावं तसं मुठीपर्यंत आत गेलं. ओढून काढलं तर टोकाला काळपट ओला भुगा.

अकरावा बोल्ट तसाच. बारावाही. ही वळणाची बाहेरची बाजू होती. भरलेली गाडी आपला सगळा भार इथंच टाकते.

असं लाकूड काही एका रात्रीत नासत नाही. मग हे दिसलं कसं नाही, म्हणून तिनं रेघा पाहिल्या. पांढरी होती. पिवळी होती. तांबडी होती. त्यापुढं काही नव्हतं.

हंगाम आठ महिन्यांचा. खालच्या प्रत्येक बोल्टशेजारी आठ रंगांची शिडी होती. निळा, हिरवा, नारिंगी, जांभळा, काळा, सगळे. इथं तीन. तिनं पुढचा बोल्ट पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला, मग पट्ट्याची कडी सरकवत वळण संपेपर्यंत गेली. तीनच. आणि कार्यालयातल्या तक्त्यावर वरच्या वळणापुढं आठही महिने, न चुकता, बाबांची सही होती.

रूळ गोठल्यासारखे थंड होते. तिनं तिथंच बसून घेतलं. खाली बँडवाले वाद्यं जुळवत होते.

पण टकटक तर ऐकू यायची. तिला चांगलं आठवत होतं. ती खाली रुळांवर असायची आणि वरून बाबांच्या हातोडीचा आवाज यायचा, दर आठवड्याला, चांगला पाऊण तास. तिला त्या आवाजाचा आधार वाटायचा.

उतरताना कोडं सुटलं. शिडीच्या अर्ध्यावर दम खायला फळ्यांचा एक टप्पा होता. तिथं कठड्याशी एक बोल्ट होता. नुसता कठड्याचा; त्यावर कसलाच भार नव्हता. त्याचं सहा कोनांचं डोकं ठोकून ठोकून चपटं झालं होतं, नाण्यासारखं गुळगुळीत. कडांचे लोखंडी पापुद्रे बाहेर आले होते. शेजारी फळीवर, माणूस पाठ टेकून बसेल तिथं, लाकूड तेलकट झालं होतं.

बाबा इथं बसून एकच बोल्ट वाजवत होते.

सुतारकाका खाली चहाचा कप घेऊन उभे होते. तिचा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला.

“काय गं, म्हातारीनं डोळे वटारले की काय?”

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

“काय माहीत होतं?”

“मधल्या टप्प्यावरचा बोल्ट.”

सुतारकाकांनी टोपी काढली, आत काही लिहिलंय का बघावं तशी न्याहाळली आणि परत घातली. “त्याला धाप लागायची. म्हणाला, एवढा हंगाम रेटतो, मग निवृत्त होतो. कुणाला सांगू नकोस. तुला तर मुळीच नाही.”

“आणि तुम्ही वर गेला नाहीत?”

“जातो म्हटलं होतं मी. हातोडी देईना. माझ्या वळणावर दुसऱ्याचा हात नको म्हणाला.” ते खाली बघत होते. “एकतीस वर्षांत एक खिळा चुकला नव्हता त्याचा. मला वाटलं, काय होणार आहे पाच महिन्यांत?”

“तीन बोल्टांचं लाकूड गेलंय. दाभण मुठीपर्यंत जातं.”

काकांनी तोंडानं हवा ओढली. मग एकदम बारीक आवाजात बोलले.

“गाडी सोडायची नाही, ते तर झालंच. पण पोरी, एक ऐक. तुझ्या खिशात सगळे रंग आहेत. अजून नऊच वाजलेत. वर जा, रेघा ओढ. मग खाली ये आणि सांग, लाकूड नासलंय, बंद करा. तीन महिने बंद होती, ओल धरली म्हणता येईल. माणसंही वाचतील आणि त्याचं नावही. कुणाचं काय बिघडलं?”

तिनं खिशात हात घातला. आठही खडू रबरानं एकत्र बांधलेले होते. वीस मिनिटांचं काम. बाबा गेल्यापासून त्यांच्यासाठी करता येईल असं हे पहिलंच काहीतरी होतं.

ती शिडीपाशी गेलीही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिथून समोर पाण्याच्या घसरगुंडीचा मनोरा दिसला. निळ्या नळ्या, पाच मजले उंच, वर जायला गोल जिना. तो मनोरा पाडायचा नव्हता. तीन आठवड्यांनी नवा हंगाम सुरू झाला की त्या जिन्यावर लहान मुलांची रांग लागणार होती. तिथं सतत पाणी उडतं, खडू टिकत नाही. तिथं फक्त तक्ता असतो आणि सही.

“काका, घसरगुंडीचा मनोरा कोण तपासायचं?”

“तोच,” काका म्हणाले.

रेघा ओढल्या असत्या, तर त्या मनोऱ्याकडं कुणी पुन्हा पाहायचं कारणच उरलं नसतं. तिनं पाय खाली घेतला.

मॅनेजर साहेब फलाटावर होते. माणूस वाईट नव्हता; बाबा आजारी असताना दोनदा घरी येऊन गेला होता. पण दरवाजे उघडले होते, सहाशे माणसं आत आली होती, आणि पहिल्या डब्यात आई बसली होती. ठेवणीतली राखाडी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. अडकवायचा दांडा पुढ्यात खाली आलेला. मागच्या डब्यांतही माणसं बसत होती.

“साहेब, गाडी सोडता येणार नाही.”

“सकाळी सकाळी अशी थट्टा नको हो ताई.”

“वरच्या वळणाचं लाकूड नासलंय.”

ते तिला हाताला धरून खांबाआड घेऊन गेले. “किती नासलंय? फळी ठोकून चालेल? अर्धी गाडी भरून सोडू. दहाच फेऱ्या करू.”

“एकही नाही.”

“हे बघा, तुमचं दुःख मला कळतंय. वडिलांची राइड आज संपतेय, मन तयार होत नाही. होतं असं. तुम्ही घरी जा, सही मी दुसऱ्या कुणाची तरी घेतो.”

“दुसऱ्याला आधी वर जावं लागेल,” ती म्हणाली. “आणि वर गेला की त्याला दिसेल, तिथं हंगामाचे शेवटचे पाच महिने कुणीच गेलेलं नाही.”

साहेबांचा हात सुटला. “पण तक्त्यावर तर... त्या सह्या तर...”

“हो. त्यांच्याच.”

बँड सुरू झाला होता. साहेबांनी डब्यावरच्या पाटीकडं पाहिलं आणि घाईनं नजर काढून घेतली. “हे लेखी द्यावं लागेल तुम्हाला,” ते हळूच म्हणाले. “समजतंय ना? फक्त लाकूड म्हणून भागवलं तरी बंद होईल. मी विचारणार नाही. बाकीचं तुम्ही सांगितलंच नाही असं समजतो.”

दुसऱ्यांदा कुणीतरी तिच्यासाठी तेच दार उघडं धरलं होतं. या वेळी तर आत जायला शिडीही चढायची नव्हती.

“पाण्याचा मनोरासुद्धा तेच तपासायचे,” ती म्हणाली आणि तपासणीचा तक्ता मागून घेतला. आजच्या तारखेपुढं लिहिलं: बंद. वरच्या वळणावर तीन ठिकाणी लाकूड नासलेले. तांबड्या खडूनंतर वरची तपासणी झालेली नाही. त्यानंतरच्या सह्या धरू नयेत. मनोऱ्याच्याही. अक्षर बाबांसारखंच आलं, किंचित डावीकडं कललेलं. खाली तिनं आपली सही केली.

मग डब्यापाशी गेली आणि दांडा वर केला.

“काय झालं गं?” आई म्हणाली. “मी तर आत्ताच जीव मुठीत धरून बसले होते.”

“उतर आई. गाडी जाणार नाही.”

“बिघडली?”

मागं कुणीतरी शिट्टी मारली. कर्ण्यावरून साहेबांचा आवाज येऊ लागला, आणि गर्दीतून ‘अरे, काय चाललंय!’ असा गलका उठला. एक बाई मोठ्यानं म्हणाली, “आम्ही सहा तास प्रवास करून आलोय!” मुलगी आईच्या कानाशी वाकली आणि सगळं सांगितलं. चार वाक्यांत मावलं.

आई हलली नाही. “पण ते तर खाली बसत होते,” ती म्हणाली. “मला म्हणाले होते, आता मला खुर्चीतलं काम दिलंय. वर पोरं जातात.”

“असं तुला सांगितलं होतं?”

“हंगामभर.” आईनं रिकाम्या रुळांकडं पाहिलं. “मी साहेबांना मनातल्या मनात किती दुवा दिला.”

कार्यालयात साहेबांनी दार लावलं. बाहेर गलका चालूच होता. कुणीतरी पत्र्यावर मुठी आपटत होतं. त्यांनी सह्यांची फाइल उघडली.

“तांबडा म्हणजे हंगामाचा तिसरा महिना. रेघ पहिल्या फेरीची. म्हणजे त्या महिन्यात नक्की कधी थांबले, ते कळत नाही. आणि मनोरा त्या मानानं ठेंगणा. तिथं तरी पुढं चढत असतील, नाही का? सगळं रद्द करायचं म्हटलं तर मनोरा पूर्ण खोलावा लागेल. हंगाम हातचा जाईल.” ते मुलीकडं बघत होते, पण विनवणी आईला होती. “वहिनी, काही अंदाज?”

“आई, तू काही बोलू नकोस हवं तर,” मुलगी म्हणाली.

आईनं पर्स टेबलावर ठेवली. ती बराच वेळ फाइलमधल्या सह्या बघत होती. एकीखाली एक, सगळ्या सारख्या, ठसठशीत.

“आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून बाजाराची पिशवी त्यांनी मला जिन्यात कधी उचलू दिली नाही. भांडायचे त्यावरून. गेल्या हंगामात एका बुधवारी खालच्या पायरीशीच थांबले आणि म्हणाले, पिशवी तू घे.” तिनं फाइल साहेबांपुढं सरकवली. “दुसऱ्या दिवशी माझे डोळे तपासायचे होते. ती चिठ्ठी घरात आहे, तिच्यावर तारीख असेल. त्या बुधवारनंतर ते एका दमात आमच्या घरीसुद्धा चढले नाहीत, साहेब. तुमचा मनोरा कुठला चढणार?”

साहेबांनी पेन उचललं, पण लिहिलं नाही.

“लिही गं तू,” आई मुलीला म्हणाली. “साहेबांच्यानं लिहवणार नाही.”