काळ्या मैनेला आता धक्का नको

दचकू नका, आवाज बॉनेटखालून येतोय. मी अल्टरनेटर बोलतोय. नारळाएवढा जीव. पट्ट्यावर गरगर फिरायचं, वीज करायची, बॅटरी भरायची आणि दिव्यांपासून हॉर्नपर्यंत सगळ्यांना पोसायचं, हा माझा संसार.

जन्म कारखान्यातला. पहिली नोकरी नगरच्या एका शाळेच्या व्हॅनमध्ये. दहा वर्षं मी पाढे ऐकले, रडारड ऐकली आणि डब्यातल्या भेंडीवरून झालेल्या मारामाऱ्याही. व्हॅन मोडीत निघाली आणि मी भंगारात जाऊन पडलो, एका कुकरच्या झाकणाखाली. तिथून कादर मिस्त्रींनी मला उचललं, कानाशी धरून फिरवलं. म्हणाले, "जीव हाय ह्याच्यात."

पाथर्डीजवळच्या एका घरी त्यांनी मला नेलं. दारात काळी मैना उभी. सत्तर वर्षांची विलायती गाडी, चेहरा खानदानी. सूर्यभानआबांनी ती वीस वर्षं पगारी ड्रायव्हर म्हणून चालवली. मग मालकाने त्यांनाच देऊन टाकली. तिचा जुना डायनामो, म्हणजे माझ्या आधी वीज करणारा, मात्र पार थकलेला. दिवे लावले तर हॉर्न वाजेना, आणि गाडी बंद पडली की बॅटरीत चालू करण्याइतका दम नाही. मग धक्का! आबा स्टिअरिंगवर, मागे अख्खं घर.

आबांचा मुलगा काकासाहेब. मे महिन्यात त्याचं लग्न झालं, तेव्हा ऐन वरातीत मैना रुसली आणि नवरदेवाने मुंडावळ्या सावरत तिला धक्का मारला. सासरच्यांनी व्हिडिओ काढला. पुढे अधिक महिना लागला, शेवगावहून जावयाला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. काकासाहेब म्हणाला, "आबा, मैना न्यायची तर न्या. पण तिथं एकदा जरी धक्का मारावा लागला, तर तिथूनच भंगारवाल्याला फोन लावीन."

आबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी कादर मिस्त्रींना बोलावलं, आणि मी आलो.

बसवायला दोन दिवस लागले. डायनामो उतरला, माझ्या मापाची पट्टी घडवली, जाड वायर ओढली. पाना पुढे करायला नवी सून अश्विनी. तिचा आवाज घरात कुणी फारसा ऐकलेला नव्हता. कान मात्र लई तिखट.

"आबा, ध्यान द्या," कादर मिस्त्री म्हणाले. "मैनेची रीत उलटी हुती. बॅटरीचा प्लस बॉडीला. आता बॉडीला मायनस. चुकून जरी उलटं लागलं, तर हा डोळ्यादेखत जळून जाईल."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. तेवढ्यात चहा आला.

निघायचा दिवस उजाडला. बनुबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, मैनेला हळदकुंकू लावलं. आबांनी बॅटरी उचलून आणली. ती ते रोज संध्याकाळी काढून घरात ठेवायचे, सकाळी जोडायचे. आजही नजर बनुबाईंच्या ताटावर आणि हात आपले सवयीने चाललेले. मायनस इकडे, प्लस बॉडीकडे. वीतभर राहिलं. मग चार बोटं. मी काय ओरडणार? मला तोंड आहे का?

"ओ मामाऽऽ!"

बनुबाईंचं ताट खाली. शेजारचं कुत्रं उठून उभं. अश्विनी सासऱ्यांवर ओरडली होती!

"उलटं लावताय, मामा. बॉडीला मायनस."

"तुला काय कळतं गं त्यातलं?" काकासाहेब म्हणाला.

"तुम्हाला कळत असतं तर मुंडावळ्या बांधून धक्का मारला असता का?"

आबा इतके हसले, इतके हसले, की बॅटरी शेवटी तिनेच जोडली. किल्ली फिरली, मैना गुरगुरली, आबांपुढच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. तो विझला म्हणजे मी कामाला लागलो!

शेवगावला धोंडे झाले, तूप झालं, आग्रह झाला. निघताना बघतो तर काय, सासुरवाडीचे सात पुरुष बाह्या सरसावून मैनेच्या पाठीला हात लावून तयार. दोघांचे मोबाईलही तयार. काकासाहेबाने डोळे मिटून घेतले. आबांनी किल्ली फिरवली.

मैना अशी सुटली, की सातही जण हवेला धक्का देत चार पावलं पुढे गेले आणि एकमेकांच्या अंगावर पडले. व्हिडिओ आता आमच्या बाजूने निघाला.

गावाबाहेर येतोय तोच काकासाहेबाने खरंच भंगारवाल्याला फोन लावला. आबांचा चेहरा उतरला.

"हॅलो, मैनेचं बोललो हुतो ना... न्हाई, न्हाई! विकायची न्हाई! काय? ऐकू येईना! अहो आबा, हॉर्न!"

कसला हॉर्न सोडतात आबा! भर दुपारी दोन्ही दिवे चालू, पाऊस नसताना वायपर चालू, आणि हाताखाली हॉर्न. इतकी वीज त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

तेव्हापासून आम्ही असेच हिंडतो. शेवगाव रस्त्याला भेटलो तर कृपा करून कानांवर हात ठेवू नका, जरा बाजूला व्हा. म्हातारं माणूस खुशीत आहे. मीही थोडा गरम होतो, पण त्याचं काही नाही.

वाजवा, आबा. मी आहे.