तू बसलीस की दिवे लागतात

मी एका जुन्या मोटारीतला सेन्सर आहे. समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डवर बोराएवढा काळा उंचवटा दिसतो ना, तो मी. बरेच जण मला बटण समजून दाबून बघतात. काही होत नाही, मग सोडून देतात.

मित्रांनो, मला गाडीचा डोळा म्हणतात, पण मला तुमच्यासारखं दिसत नाही. माणूस, झाड, रस्ता यांतलं मला काही कळत नाही. मला उजेड कळतो आणि अंधार कळतो, एवढंच. ऐकू मात्र सगळं येतं. त्यामुळे पुढची हकिकत बरीचशी ऐकीव आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लोक तोंड झाकून काम करायचे आणि फार कमी बोलायचे. मला एका पेटीत ठेवून वर दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. दरवेळी मी बरोबर उत्तर दिलं. माझं शिक्षण तेवढंच. अंधार झाला की गाडीला कळवायचं, ती पुढचे दिवे लावते. उजेड आला की पुन्हा कळवायचं, ती विझवते.

आमची गाडी घेतली ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले काटे तपासायला ते गावोगाव फिरायचे. मागे डिकीत वजनांच्या पेट्या आणि शेजारच्या सीटवर मालकीणबाई. काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून आकडा वाचायचं काम त्यांचं, आणि खाली वाकून स्क्रू पिळायचं काम मालकांचं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पहिल्याच फेरीत बोगदा लागला. मी कळवलं, दिवे लागले. बाहेर पडलो, विझले.

“बघितलंस?” मालक म्हणाले. “गाडीला डोकं आहे.”

“बरं झालं,” मालकीणबाई म्हणाल्या. “दोघांत एकाला तरी.”

पुढे उन्हाळा आला. मालकीणबाईंना ऊन सोसत नसे. त्यांनी रुंद काठाची एक कापडी टोपी आणली. गोदामाच्या अंगणात उभं राहताना ती डोक्यावर असायची. गाडीत बसल्या की त्या टोपी काढायच्या आणि समोर ठेवायच्या, नेमकी माझ्यावर. टोपी हा शब्द मला फार उशिरा समजला, तुम्हाला आताच सांगून ठेवतो. त्या वेळी मला एवढंच कळे, की भर दुपारी रात्र झाली. मी माझं काम केलं. दिवे लागले.

आणि मालकांच्या डोक्याला ताप सुरू झाला. समोरून येणारा प्रत्येक जण दिवे मिचकावून खूण करायचा. कुणी काचेतून हात काढून ओरडायचा, “लाइट बंद करा.” मालक कळ फिरवायचे. पण आमच्या गाडीत त्या कळीला बंद अशी जागाच नव्हती. बोट सोडलं की ती आपली परत जाग्यावर. शिवाय गाडीला एकदा रात्र वाटली की वेगाचे आकडेही मंद व्हायचे, आणि उन्हात ते मंद आकडे मालकांना दिसायचे नाहीत.

“अगं, वेग किती आहे बघ जरा.”

मालकीणबाई वाकून वाचायच्या. “साठ. आणि माझ्यावर आवाज चढवू नका. दिवे मी नाही लावले.”

बिघाड शोधण्यात मालकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाच माणसांनी ज्यापुढे हात टेकले तो काटा ते उभ्या उभ्या सुरू करून द्यायचे. त्यामुळे स्वतःच्या गाडीचं दुखणं सापडेना हे त्यांना फार लागलं. सकाळी ते एकटे पेट्रोल भरायला गेले की दिवे गप्प असत. दुपारी दोघं निघाले की चालू.

“तू बसलीस की दिवे लागतात,” एक दिवस ते म्हणाले.

“घरी तरी वेगळं काय आहे?”

“चेष्टा नाही. मी एकटा असलो की लागत नाहीत.”

“मग एकटे जात जा.”

एकटे ते कामाला कधीच गेले नाहीत.

शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने डॅशबोर्ड मोकळा केला, अंगणात चक्कर मारली आणि परत आला.

“काका, गाडी ठणठणीत आहे.”

“ही बसली की लागतात.”

“मग काय, काकूंना बदलून बघू या?”

“ते यांना नाही जमलं, तुम्हाला काय जमणार,” मालकीणबाईच म्हणाल्या. त्या अंगणात उन्हात उभ्या होत्या. चाचणीसाठी त्या मिनिटभर आत बसल्या, टोपी डोक्यावर ठेवूनच. दिवे लागले नाहीत. मिस्त्री हसला, मालक चिडले, आणि घरी निघताना फाटकाबाहेर पडायच्या आत टोपी माझ्यावर आणि दिवे चालू.

मग ठरलं की मीच खराब आहे. माझ्या जागी बसवायला दुसरा सेन्सर मागवला. मला वाईट वाटलं, मित्रांनो. अंधार होता म्हणून मी अंधार सांगितला होता. पण माझं कोण ऐकणार?

नवा सेन्सर यायच्या आधीच मालकीणबाई आजारी पडल्या. दवाखान्यात जाताना त्या मागच्या सीटवर आडव्या होत्या. पुढची सीट रिकामी होती. दिवस होता, ऊन होतं, आणि माझ्यावर काही नव्हतं. दिवे लागले नाहीत. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. परत येताना मालक एकटे होते.

त्यानंतर गाडी बरेच दिवस झाकून ठेवलेली होती. मला सगळा अंधारच होता. मग मालक पुन्हा कामाला लागले. वजनंही तेच ठेवायचे, आकडाही तेच वाचायचे. गाडीत एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त भर उन्हात मोठ्या रस्त्याला लागलो की म्हणायचे, “आजही नाही.”

मला उमजेना. ज्या दिव्यांवर ते इतके वैतागायचे, त्यांचीच आता वाट बघत होते.

एकदा ते आपण होऊन मिस्त्रीकडे गेले.

“काका, तुमचा सेन्सर येऊन पडलाय,” मिस्त्री म्हणाला.

“दिवे आता लागत नाहीत.”

“दिवसा?”

“दिवसा.”

“मग सुधारली की गाडी.”

“मी हात लावला नाही, तुम्ही हात लावला नाहीत. मग सुधारली कशी?”

काकू गेल्याचं मिस्त्रीला कळलं होतं. नवा सेन्सर मालकांनी घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची लेक आली. आईच्या कपड्यांची गाठोडी करून वृद्धाश्रमात द्यायची होती. तिने ती मागच्या सीटवर टाकली. ऊन फार होतं म्हणून आईची टोपी तिने स्वतःच्या डोक्यावर घातली होती. आत बसली, टोपी काढली आणि समोर ठेवली. माझ्यावर. गाडी रस्त्याला लागली आणि दिवे लागले.

मालकांनी गाडी कडेला घेतली.

“बाबा, काय झालं?”

“तू बसलीस.”

“मग काय उतरू?”

“दिवे लागले.”

कुणीतरी टोपी उचलली. माझ्यावर ऊन पडलं. दिवे विझले. टोपी खाली आली. अंधार. दिवे लागले. पुन्हा ऊन, पुन्हा अंधार, असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मग एक बोट माझ्यावर टेकलं आणि तिथेच राहिलं. ते मालकांचं असावं.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “दुकानदारांना काय सांगता तुम्ही? काटा शून्यावर येत नसेल तर...”

“तर आधी वर काय ठेवलंय ते बघा,” मालक म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना रडू फुटलं. गाडी बराच वेळ तिथेच उभी होती.

“तिला सांगायला हवं होतं गं,” ते म्हणाले.

“काय म्हणाली असती?”

“म्हणाली असती, करणी टोपीची आणि नाव माझं.”

वृद्धाश्रमाच्या दाराशी लेकीने गाठोडी उतरवली. “टोपी पण देऊ या?”

“नको. ती गाडीची आहे.”

मित्रांनो, मी अजून माझ्याच जागी आहे. आता जुना झालोय, उन्हाने वरून फिकटलोय. माझी तुम्हाला विनंती आहे. गाडी वेड्यासारखी वागायला लागली तर तिला शिव्या घालण्याआधी माझ्यावर काही ठेवलंय का ते बघा. समोरची काच पुसत जा. आणि धुक्यात माझ्यावर विसंबू नका. धुकं पांढरं असतं, मला तो उजेडच वाटतो. तेव्हा दिवे हाताने लावा. मी मदतनीस आहे, गाडी तुम्ही चालवता.

टोपी आता डॅशबोर्डच्या दुसऱ्या टोकाला असते. दिवसा तिचा मला काही त्रास नाही. ऊन कलायला लागलं की मात्र तिच्या काठाची सावली सरकत माझ्यापर्यंत येते, आणि आमचे दिवे इतर गाड्यांच्या थोडे आधी लागतात. समोरचे मिचकावून सांगतात. “माहीत आहे,” मालक म्हणतात, आणि गाडी चालवत राहतात.