रडण्याचे सेकंद

सोमवार, दिनांक ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी पाच वाजता माझी नात ऋता सलग चारशे सेकंद रडली. मी घड्याळ लावून ते मोजले आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहिले.

ऋता तेव्हा चार वर्षे दोन महिन्यांची होती. त्याआधी दोन महिने, आमच्या मुलुंडच्या घरी स्वयंपाकघरात कुकरचे झाकण उडाले आणि सून मानसीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ऋता तिथेच फरशीवर लसणाच्या पाकळ्या मांडत बसली होती. तिला ओरखडाही उठला नाही. मात्र त्या दिवसापासून कोणाच्याही घरातील शिटी ऐकू आली की ती किंचाळत न्हाणीघरात पळे आणि दाराला पाठ लावून बसे. आमच्या मजल्यावर सहा बिऱ्हाडे. दिवसाला वीसेक शिट्या सहज होतात. मुलगा सिद्धेश मालवाहू जहाजावर होता, मानसी घाटकोपरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. ती सातला घरी येई. जूनमध्ये पोरीला मोठ्या शाळेत घालायचे होते. तोवर तिला बरे करण्याची जबाबदारी मी अंगावर घेतली.

मी विद्युत शाखेचा पदविकाधारक. एका स्विचगिअर कारखान्याच्या चाचणी विभागात एकतीस वर्षे काढली. नव्या उपकरणावर पूर्ण भार एकदम टाकत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात, हे मला ठाऊक होते. म्हणून मी शिटीचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला. रोज पाच वाजता ऋताला खुर्चीवर बसवून तो ऐकवायचा, दररोज आवाज एक घर वाढवायचा आणि रडणे थांबेपर्यंत तिला उठू द्यायचे नाही, अशी पद्धत ठरवली. मी समोर सहा फुटांवर बसत असे. तिला जवळ घेत नसे. मांडीवर घेतले असते तर ती मांडीमुळे गप्प झाली असती आणि भीती किती उरली आहे ते कळले नसते.

आमच्या हिला, रुक्मिणीला, हे पटले नव्हते. चौथ्या दिवशी ती दारातून म्हणाली, "तिका सोडा ओ. हात बगा तिचे, बर्फासारखे झालेहत."

"मध्ये सोडलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल," मी म्हणालो.

शेजारचे विद्याधर चहाला आले असता वही चाळून हसले. "जयवंता, नातीचं मेंटेनन्स शेड्यूल लावलंस की काय रे? ग्रीसिंग कधी करतोस?"

"हस. महिन्याने निकाल बघ."

दहाव्या दिवशी ऋता स्वतःच खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, "आजोबा, आज नको ना. उद्या आपण दोनदा करू."

मी तिला समजावले की नियम रोजचा आहे. ती खुर्चीवर चढून बसली.

आकडे उतरत गेले. आठव्या दिवशी दोनशे दहा सेकंद, पंधराव्या दिवशी पासष्ट. रविवार, २३ फेब्रुवारी, एकविसावा दिवस. आवाज पूर्ण होता आणि रडणे शून्य. मी तिला पेढा दिला. "मी चांगली झाले?" तिने विचारले. मी हो म्हणालो. तो पेढा तिने मुठीत धरून ठेवला, खाल्ला नाही. संध्याकाळी मानसीला आलेख दाखवला तेव्हा तिचे डोळे भरून आले. "बाबा, जादू केलीत हो तुम्ही."

मंगळवारी मानसी लवकर घरी आली. बालवाडीच्या बाईंनी तिला बोलावून घेतले होते. ऋता दोन आठवडे वर्गात एक शब्द बोलली नव्हती. शू लागली तरी सांगत नसे. बसल्या जागी होत असे.

"पण घरात तर ती शांत आहे," मी म्हणालो.

"शांत?" मानसीचा आवाज चढला. "बाबा, काल माझ्या हातून तिचं बोट दारात चेपलं. नख काळं पडलंय. ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली."

गुरुवारी आम्ही घाटकोपरच्या एका बालविकास केंद्रात गेलो. तेथील समुपदेशक निधी मॅडम तिशीच्या असतील. त्यांनी ऋताला खेळण्यांच्या खोलीत सोडले. तिला ज्या जागी उभे केले तिथेच ती उभी राहिली. मग मॅडमनी माझी वही पहिल्या पानापासून वाचली.

"काका, यात फक्त रडण्याचे सेकंद आहेत. रडणं थांबल्यावर ती काय करायची?"

"गप्प बसायची."

"कशी गप्प? श्वास कसा असायचा? बघायची कुठे?"

तो रकाना मी आखलाच नव्हता.

त्यांनी शांतपणे सांगितले. घाबरलेल्या लहान मुलाला स्वतःचे शरीर स्वतः शांत करता येत नाही. छातीची धडधड, श्वास, हातापायांतला ताण हे सारे मोठ्या माणसाच्या कुशीत, त्याच्या संथ श्वासाबरोबर खाली येते. असे शेकडो वेळा झाले की मगच मूल ते शिकते. पळणे आणि रडणे ही मदतीची हाक असते. पळता येत नाही, रडून कोणी जवळ घेत नाही, असे रोज घडले तर शरीर ती हाकच बंद करते. मूल थिजते. हात गार पडतात, वाचा जाते, दुखलेलेही कळेनासे होते. आत भीती तितकीच असते.

"हळूहळू सवय लावणं चुकीचं नाही," त्या म्हणाल्या. "आम्हीही लावतो. पण मुलाला कुशीत घेऊन, आणि त्यानं नको म्हटलं की थांबून. तुम्ही तिला उठू दिलं नाहीत आणि जवळही घेतलं नाहीत. का?"

"निकाल बिघडला असता म्हणून," मी म्हणालो.

मला एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात एका कॉम्प्रेसरचा, भार वाढला की वीज तोडणारा संरक्षक रिले सारखा उडत असे आणि मोटर बंद पडे. पाळीवरच्या एका ऑपरेटरने कंटाळून, तो उडूच नये म्हणून, त्यात लाकडाची खपली ठोकली. पुढचे आठ दिवस नोंदवहीत बिघाड शून्य होता. नवव्या दिवशी मोटरची वाइंडिंग जळाली. त्या माणसाविरुद्धचा अहवाल मी लिहिला होता आणि त्याला निलंबित करा, असे त्यात म्हटले होते.

घरी परतल्यावर मी ऋताला मांडीवर घेण्यास हात पुढे केले. ती आज्ञेप्रमाणे आली, खुर्चीवर बसे तशी ताठ बसली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. तिचा श्वास मला जाणवेना. मानसीने तिला उचलून घेतले.

शनिवारी मानसीने बॅग भरली. "मी चिडलेय असं समजू नका, बाबा. तुम्ही वाईट वागायचं म्हणून वागला नाहीत. मीच तो आलेख बघून खूश झाले होते. पण तुम्ही खोलीत आलात ना, की तिचा श्वास अडकतो. मी रोज बघतेय." ती ऋताला घेऊन मालाडला आईकडे गेली. रुक्मिणी आठवड्यातले चार दिवस तिकडे राहू लागली. सिद्धेशने जहाजावरून फोन केला, सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबा, आता काही करू नका. प्लीज."

निधी मॅडमनी मला दर रविवारी मालाडच्या घरी ऋताची अर्ध्या तासाची भेट ठरवून दिली. जमिनीवर बसायचे, घड्याळ काढून ठेवायचे, तिला हाक मारायची नाही, काही विचारायचे नाही. ती बाहेर गेली तर जाऊ द्यायचे. पहिली भेट ९ मार्चला झाली. ऋता दाराबाहेरच थांबली. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, तिचा प्रवेश पुढल्या वर्षावर गेला. आईशी ती मे महिन्यापासून थोडे बोलू लागली, रुक्मिणीशी जुलैपासून. कुकरची शिटी झाली की ती आता पुन्हा रडते, आणि मानसी हातातले काम टाकून तिला कवेत घेते. मॅडमच्या मते ही सुधारणा आहे.

मी एकही रविवार चुकवला नाही. २६ ऑक्टोबरपर्यंत चौतीस भेटी झाल्या. त्यांपैकी अकरा भेटींत ऋता शेवटपर्यंत खोलीत थांबली. तीन भेटींत ती माझ्याशी बोलली.