अकरावा डाव

एप्रिलमध्ये उसामी सेन्सेईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय दोन महिन्यांत पुन्हा चालू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. मी सतरा वर्षं त्यांच्याकडे तलवार शिकत होते. किसो खोऱ्यातल्या आमच्या गावच्या पोस्टात मी काउंटरवर बसते. पूर्वी ते मला म्हणायचे, "किनुए, शिक्का हाणतेस तशी तलवार हाणू नकोस." आता ते माझ्याकडे नुसते बघायचे, आणि ओळखतात की नाही तेही कळायचं नाही.

नोव्हेंबरात त्यांच्या बायकोचा, फुसाएकाकूंचा फोन आला. शनिवारी दुपारी चारच्या आत ये, म्हणाल्या. कशाला, ते सांगितलं नाही.

मी गेले तेव्हा पडवीत मुळे वाळत होते आणि काकू घराला लागून असलेल्या दोजोच्या, तलवारीच्या तालीमघराच्या, दाराशी उभ्या होत्या. बरोबर चारला सेन्सेई आतून आले. अंगावर घरातलेच कपडे. भिंतीवरची लाकडी तलवार त्यांनी उतरवली आणि रिकाम्या जमिनीला लवून नमस्कार केला.

मला पहिल्यांदा खटकलं ते त्यांचं उभं राहणं. आमच्याकडे सगळे डाव दोघांनी करायचे असतात. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने तो परतवून जिंकायचं. शेवटचा वार समोरच्याच्या कपाळावर, कागदभर अंतर ठेवून थांबतो. हल्ला करून हरायची बाजू नेहमी गुरूची, कारण जिंकायला शिकतो तो शिष्य. गुरू देव्हाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, शिष्य दाराकडे. सतरा वर्षांत मी सेन्सेईंना दाराकडच्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. आज ते तिथे उभे होते.

त्यांनी एक पाऊल मागे घेतलं, तलवार आडवी धरली, आणि खट्ट आवाज झाला.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. समोर कुणीही नव्हतं. ते डावीकडे सरकले, पुन्हा खट्ट. तलवार हातात दणका बसल्यासारखी थरथरली. काकूंची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"तुला आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.

"आलं."

"बरं झालं. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं."

सेन्सेईंनी शेवटच्या वारासाठी तलवार वर नेली, हळूहळू खाली आणली, आणि माणसाच्या डोक्याच्या जरा वर ती अडकली. दंड कापायला लागले. मग त्यांनी ती बाजूला घेतली, नमस्कार केला आणि आत निघून गेले. मी तलवार हातात घेऊन पाहिली. पात्यावर ताजे खळगे पडले होते.

आणि तो डाव मला माहीत नव्हता. आमच्याकडे डाव बारा, पण शिकवले जायचे अकरा. दहाव्यानंतर सेन्सेई सरळ बारावा घ्यायचे.

स्वयंपाकघरात काकूंनी चहा ओतला आणि सांगायला लागल्या. बावन्न वर्षांपूर्वी याच दोजोत आरामाकी नावाचा थोरला शिष्य होता. म्हाताऱ्या गुरूंना उभं राहवेना, म्हणून त्यांच्या जागी तोच सेन्सेईंचे डाव करून घ्यायचा. एका दुपारी अकरावा डाव चालला होता. सेन्सेईंची तलवार थांबली नाही. आरामाकी तिसऱ्या दिवशी गेला. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. तेव्हापासून तो डाव बंद.

"माझं लग्न आधी त्याच्याशी ठरलं होतं," काकू म्हणाल्या. "हे गावात आता कुणाला आठवत नाही. दोन वर्षांनी यांच्याशी झालं."

रोज ती तलवार एकेक बोट खाली येते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. महिन्याभरापूर्वी ती डोक्याच्या हातभर वर अडायची. आता थोडंच उरलं आहे. ती पूर्ण खाली आली की काय होईल, याची त्यांना धास्ती होती. डॉक्टरांना सांगून पाहिलं, तर त्यांनी झोपेची गोळी दिली.

"उद्या तू समोर उभी राहशील?" त्यांनी विचारलं. "ती जागा रिकामी नको. रिकामी असते म्हणून तिथे कुणी येतं."

मी म्हणाले, मला तो डाव येत नाही. काकूंनी माझा कप पुन्हा भरला. मला नाही म्हणवलं नाही. रात्रभर मात्र स्वतःला मूर्ख म्हणत राहिले.

रविवारी चारला मी देव्हाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. सेन्सेई आले, त्यांनी नमस्कार केला, मीही केला. ते माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्यापेक्षा वीतभर उंच माणसाच्या डोळ्यांत बघावं तशी ती वर लागली होती.

मी नुसती उभी राहणार होते. पण माझी तलवार उचलली गेली. मी उचलली, असं मला म्हणता येत नाही. मनगटात कुणाचं तरी वजन होतं. मी पुढे झेपावले, त्यांनी वार अडवला, खट्ट. मी वळले, खालून कापलं, पुन्हा खट्ट. न शिकलेला डाव माझे हात बिनचूक करत होते.

सेन्सेईंची तलवार वर गेली आणि सरळ माझ्या कपाळावर आली. डोळ्यांपुढे लाकडाच्या रेषा दिसल्या आणि ती थांबली. कागदभर अंतरावर, अगदी शिकवल्यासारखी.

तेव्हा माझी मागची टाच उचलली गेली.

मला पुढे जायचं नव्हतं. पाय मात्र निघाला होता, आणि त्याबरोबर छातीत असं काही दाटून आलं की जणू जगण्यात आता काही उरलंच नाही. ते दुःख माझं नव्हतं. मी कुणासाठी एवढी झुरलेली नाही.

"नको," मागून काकू म्हणाल्या. अगदी हळू. तो आवाज मला उद्देशून नव्हता. तरुण पोरगी आपल्या वयाच्या मुलाशी बोलते तसा होता. "असं करू नकोस रे. चूक माझी होती."

पाय जागेवर आला. मनगटं हलकी झाली, आणि माझी तलवार हातातून गळून पडली.

सेन्सेईंनी आपली तलवार खाली घेतली. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द आले, जाडसर, अडखळत, पण स्पष्ट. "आरामाकीदादा, आज तुम्ही पुढे आला नाहीत."



सेन्सेईंना आत निजवल्यावर त्या मला जे बोलल्या, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या घटनेच्या आदल्या दिवशी त्या आरामाकीला भेटल्या होत्या. मला तुझ्याशी लग्न करायचं नाही, माझा जीव तेइझोवर आहे, असं त्याला तोंडावर सांगितलं होतं. तेइझो म्हणजे सेन्सेई. तो हसला होता. उद्याची तालीम होऊ दे, मग बोलू, म्हणाला होता.

"म्हणजे तलवार थांबली होती, तोच तिच्यावर चालून गेला," काकू म्हणाल्या. "यांनी ती थांबवली होती, आणि तरी बावन्न वर्षं सगळा दोष अंगावर घेतला. मला कळू नये म्हणून. आणि मी त्याला काय बोलले ते यांना कळू नये म्हणून मी गप्प."

त्या उठल्या आणि सेन्सेईंच्या अंथरुणाशी जाऊन बसल्या. मी दार लोटून घरी आले.

सेन्सेई त्यानंतर दोजोत गेले नाहीत आणि पुन्हा बोललेही नाहीत. जानेवारीत झोपेतच गेले. चेहरा शांत होता.

सातव्या दिवशी काकूंनी मला आरामाकीच्या कबरीवर न्यायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. देवळामागच्या चढावर मी त्यांच्यावर छत्री धरून चालले. सगळ्या दगडांवर वीतभर बर्फ होता आणि वाटेवर आमच्याखेरीज कुणाचीही पावलं नव्हती. फक्त त्याच्या कबरीसमोर दोन पावलं मावतील एवढी जमीन कोरडी होती, नुकतंच कुणी तिथून हललं असावं तशी.

काकूंनी ती जागा पाहिली. मग तिच्यावर पाय न देता, बाजूने वाकून, त्यांनी उदबत्ती लावली.